सातव्या थांब्यावरचं दार

९ जानेवारी

दादा,

मी तुला मारलं. म्हणजे खरंखुरं नाही, टूरमध्ये. पण रोज दोनदा मारतो, सकाळी दहाला आणि दुपारी चारला. सोमवारी सुट्टी असते, त्या दिवशी तू जिवंत.

आधी सगळं ऐक, मग शिव्या दे. तू माझ्याशी बोलत नाहीस हे मला कळतं. तीन वर्षांत एक कार्ड आलं, तेही आईच्या नावानं, त्यात माझ्याबद्दल एक अक्षर नाही. बरोबरच आहे म्हणा. तुझं मुलाखतीचं पत्र मी गंमत म्हणून पिठाच्या डब्यात लपवलं आणि तीन दिवसांनी काढून दिलं, तोवर मुलाखत होऊन गेली होती. तू एक कानाखाली काढलीस, ट्रंक उचललीस आणि जाऊन खोक्यांच्या कारखान्यात लागलास. त्या कानाखालीबद्दल माझी काही तक्रार नाही. कान अजून वाजतो कधीकधी, एवढंच.

तर झालं असं. मला काम मिळालं. हसू नकोस. आपल्या भागात आता पाहुणे येतात फिरायला, पायी. एक मॅडम आहेत, त्यांच्याकडे पिवळी छत्री असते, ऊन असो नसो, उंच धरून पुढे चालतात म्हणजे मागचे हरवत नाहीत. सगळे त्यांना छत्रीवाल्या मॅडम म्हणतात. त्यांना इथलाच पोरगा हवा होता, बडबड्या. मी सोडून कोण आहे इथं बडबड्या? अकरा थांब्यांचा कागद दिला, पाठ कर म्हणाल्या. रंगारी लोकांच्या हौदापासून सुरू, झाकलेल्या बाजारात शेवट.

कागद मी पाठ केला. शाळेत एक कविता पाठ झाली नाही, पण हे झालं. सगळे थांबे चांगले, फक्त सातवा मेला. सातवा म्हणजे आपल्या पायऱ्यांच्या गल्लीतलं बुजवलेलं दार. कागदावर काय लिहिलंय बघ, "जुनी कमान. काळ ठाऊक नाही. दोन मिनिटं." दोन मिनिटं लोकांनी कमानीकडे बघून करायचं काय? मोबाइल काढतात, जांभया देतात, एकानं तर चपलेतला खडा काढायला माझ्याच खांद्याचा आधार घेतला. आता तुला आणि मला माहीत आहे की तिथं कोळशाचं गोदाम होतं आणि उंदीर झाले म्हणून बुजवलं. पण उंदरांची गोष्ट सांगून कोण खूश होणार?

म्हणून मी थाप मारली. म्हटलं, या दाराच्या आत बोगदा होता, पार बाजारापर्यंत. इथल्या एका पोरानं पैज लावली की या तोंडानं जाईन आणि त्या तोंडानं येईन, सबंध वाट शिट्टी वाजवत. लोक भिंतीला कान लावून शिट्टीच्या मागोमाग वरून चालत होते. अर्ध्या वाटेत शिट्टी थांबली. दुसऱ्या दिवशी सकाळी गवंडी आले, त्यांना कुणी काही सांगितलं नाही, त्यांनी दार बुजवलं.

पोराचं नाव नाही सांगत. "शिट्टी" म्हणतो फक्त. भुवईवर खोक, निळा स्वेटर, उजवा खांदा जरा उतरलेला. सगळं तुझंच. काय करू? थाप मारताना डोळ्यांसमोर एक खरा माणूस लागतो, नाहीतर जीभ अडखळते. आणि माझ्या डोळ्यांसमोर दुसरं कुणी येतच नाही.

आणखी एक. साक्षीदार पण ठेवलेत मी. टूर सलूनवरून जाते तेव्हा मी विचारतो, "काका, तुम्हाला आठवतो का तो?" सलूनवाले काका वस्तरा पुसत म्हणतात, "न आठवायला काय झालं. शेवटची दाढी माझ्याकडेच केली." मग पाहुण्यांची पाठ वळली की मला डोळा मारतात. बटणवाल्या मावशी सांगतात, "माझ्याकडून एक निळं बटण नेलं होतं, स्वेटरला." त्या डोळा मारत नाहीत, त्यांना एक डोळा मिटता येत नाही, दोन्ही मिटतात. हसून पोट दुखतं आमचं.

आई चिडली आहे. "जित्या माणसाला मारतोस, जीभ झडेल तुझी." म्हणून वाटलं तुला सांगून टाकावं. हसलास तर लिही. चिडलास तरी लिही.

तुझा भुंगा


२८ जानेवारी

दादा,

उत्तर नाही. ठीक आहे.

एक विचारू? तू कधी सलूनवाल्या काकांना म्हणाला होतास का की तुझी मान गार पडते?

झालं काय, परवा मी नेहमीसारखं विचारलं, काका, आठवतो का. ते म्हणाले, "गरम टॉवेल ठेवला मी त्याच्या मानेवर. दोनदा ठेवला. म्हणाला, काका, ऊब लागतच नाही, मान गारच आहे." पाहुण्यांतल्या एका बाईंनी अंगावरची शाल ओढून घेतली. मी काकांकडे बघत राहिलो, म्हटलं आता मारतील डोळा. ते वस्तरा पुसत होते.

टूर संपवून परत गेलो. "काका, जबरदस्त! कुठून सुचलं?"

"काय सुचलं?"

"मानेचं."

"सुचायचं काय त्यात? मी होतो ना तिथं."

"काका, पुरे आता. कुणी नाहीये इथं."

"अरे, दाढी करायची असेल तर बस, नाहीतर गिऱ्हाइकाची जागा अडवू नकोस."

बरं, म्हातारा रंगात आलाय म्हटलं. पण दुपारच्या टूरला एका पाहुण्याच्या लहान मुलीनं भिंतीला कान लावला. लावतात सगळे, मीच सांगतो लावायला. ती म्हणाली, "आत कुणीतरी वाजवतंय," आणि तिनं ते गुणगुणून दाखवलं. तू पँटला इस्त्री करताना जे वाजवायचास ना, मध्येच चढून शेवटाला पडणारं, तेच. ते मी कुणाला सांगितलेलं नाही. ते मला सांगताही येणार नाही, मला कुठं गाता येतं.

मी टूर आठव्या थांब्यावर नेली आणि तिथं मला आठव्याचं काही आठवेना.

एक ओळ लिही. नुसतं "गाढवा" लिहिलंस तरी चालेल.

भुंगा


११ फेब्रुवारी

दादा,

आईचं काहीतरी बिनसलंय.

काल सकाळी आम्ही सातव्या थांब्यावर होतो. सोळा माणसं. आई पिशवी घेऊन पायऱ्या चढत होती. मला वाटलं नेहमीसारखी डोळे वटारून जाईल. तर ती थांबली, पिशवी पायरीवर ठेवली आणि सगळ्यांना म्हणाली, "मी त्याला म्हटलं होतं, आत गारवा असेल, स्वेटर घाल. स्वेटर घातला त्यानं. माझं ऐकायचा तो. धाकटा नाही ऐकत."

लोक रडले, दादा. एका आडदांड माणसानं चष्मा काढून पुसला. मी मध्येच उभा, हातात तो कागद.

घरी आल्यावर मी म्हटलं, "आई, हे काय नाटक?"

"कसलं नाटक?"

"दादा कारखान्यात आहे, आई. कार्ड आलं होतं ना त्याचं."

तिनं कणकेचे हात तसेच माझ्या कपाळाला लावले, ताप आहे का बघायला. "रात्री नीट झोपत जा," म्हणाली, "आणि त्याचं नाव काढून मला रडवू नकोस सारखं."

आता सांगतो ते नीट ऐक. तुझी कॉट घरात नाही. मावशींना देऊन टाकली, त्यांच्या बटणांच्या पेट्या ठेवायला. बटणवाल्या मावशी कॉटवर हात फिरवून मला म्हणाल्या, "चांगली आहे रे, त्याची आठवण राहील." मी त्यांना ओरडून म्हटलं, अहो मावशी, तुम्हाला मी शिकवलं होतं ते निळ्या बटणाचं, माझ्यासमोर पाठ केलंत तुम्ही! त्यांनी मला पाणी दिलं प्यायला.

गंमत होती दादा. नुसती गंमत होती. तुझ्या पत्राच्या वेळी पण मी हेच म्हटलं होतं, मला माहीत आहे.

पत्र पाठव. आईला दाखवतो, तुझं अक्षर बघितलं की ताळ्यावर येईल.

भुंगा


२ मार्च

दादा,

तुझं पत्र आलं. मी जिन्यातच बसून वाचलं.

सातदा वाचलं. आता तुझंच तुला परत लिहून पाठवतो, मी नीट वाचलंय ना ते बघ. तू म्हणतोस, मुकादम हजेरी घेताना तुझ्यावरून पुढे जातो, हाक मारलीस तर "कोण बोललं रे" म्हणून दुसऱ्यांकडे बघतो. कँटीनमध्ये ताट घेऊन उभा राहतोस आणि वाढपी तुझ्या मागच्याला वाढतो. खोलीतला सोबती कामावरून आला आणि तुझ्या कॉटवर आडवा झाला, तू तिथं बसलेला असताना. तू ओरडलास तेव्हा तो म्हणाला, इथं गार का लागतंय. आणि शिट्टी वाजत नाही. ओठांतून नुसती हवा जाते.

शेवटी लिहिलंयस, "भुंग्या, तू जे काही चालवलंयस ते थांबव."

थांबवतो. उद्याच्या उद्या. सगळं खरंखरं सांगून टाकतो, कोळसा, उंदीर, सगळं. आईशपथ.

पत्र आईला दाखवलं. तिनं चष्मा लावला, कागद उलटसुलट केला आणि म्हणाली, "कोरा कागद काय दाखवतोस?"


४ मार्च

दादा,

सांगितलं. काल दोन्ही टूरना, आज सकाळी पण.

म्हटलं, "मंडळी, मी तुम्हाला शेंड्या लावत होतो. आत बोगदा नाही, कोळशाचं गोदाम आहे. ज्याला मी मारलं तो माझा सख्खा मोठा भाऊ आहे, धडधाकट आहे, दूर एका कारखान्यात खोकी करतो. माझ्यावर चिडून गेलाय." वाटलं, हसतील, दोन-चार शिव्या घालतील, तिकिटाचे पैसे परत मागतील.

कुणी हसलं नाही. माझ्याकडे असे बघायला लागले की जणू मीच भिंतीला टेकून रडतोय. एका बाईंनी हात धरला. "सख्खा भाऊ होता का तुझा?" होता, म्हणे! मी म्हटलं, आहे. त्या म्हणाल्या, "हो रे बाळा, आहेच. आपली माणसं असतातच."

मी तुझं कार्ड काढलं. शिक्का दाखवला. नवरा-बायको होते एक, त्यांनी बघितलं आणि एकमेकांकडे बघितलं. शिक्क्यावरची तारीख गेली आहे, दादा. मागच्या आठवड्यात होती.

मग माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, "पहार आणा, भिंत फोडून दाखवतो, उंदराच्या लेंड्या निघाल्या नाहीत तर नाव बदलीन." तेवढ्यात मॅडम आल्या. छत्री मिटून मला बाजूला घेतलं. छत्री मिटलेली मी त्यांना कधी बघितली नव्हती.

"चूक माझी आहे," म्हणाल्या. "घरातलाच माणूस गेलेला, आणि मी तुला सातवा थांबा दिला."

"मॅडम, तुमच्या कागदावर काय आहे? जुनी कमान, दोन मिनिटं. बघा ना कागद!"

त्यांनी पर्समधून कागद काढून माझ्या हातात दिला. सातव्या थांब्यावर आठ ओळी आहेत. भुवईवरची खोक पण आहे.

"चार दिवस सुट्टी घे," म्हणाल्या. "आईजवळ बस."

खोटं सांगितलं तेव्हा सगळ्यांनी मानलं. आता खरं सांगतोय तर डोक्यावर परिणाम झालाय माझ्या. काय करू सांग. तुला सुचतं असलं, तू शिकलेला.

भुंगा


१० मार्च

दादा,

तुझं दुसरं पत्र मिळालं. आधी वाटलं खरंच कोरं आहे. मग उजेडात तिरकं धरलं तर पेनाच्या टोकाचे वळ उमटलेले दिसले, शाई नव्हती कुठं. मी पेन्सिल आडवी घासली त्यावर, लहानपणी नाण्यावर घासायचो तशी. दोनच ओळी आल्या. "पत्राचा राग कधीच गेला. लवकर कर."

ते "लवकर कर" नंतर वाचलं मी. आधीच्या ओळीवरच किती वेळ बसून होतो.

मग विचार केला. मी खरंच विचार करतो कधीकधी. मला शिक्षण नाही, पण दोन महिने रोज दोनदा हे लोक हाकलतोय मी, मला ते पाठ झालेत. त्यांच्या हातातून गोष्ट काढून घेता येत नाही. नुसती काढायला गेलं की घट्ट धरतात. चौथ्या थांब्यावरचा दगडी माणूस आठवतो ना? मॅडमच्या आधीचे गाइड त्याला वैद्य म्हणायचे. मी एकदा कंटाळून सेनापती म्हटलं, त्याला एक लढाई जोडून दिली. आठ दिवसांत सगळी गल्ली सेनापती म्हणायला लागली. वैद्य कुणाला आठवतसुद्धा नाही. आधीच्यापेक्षा चांगली गोष्ट दिली की जुनी आपोआप सुटते.

तर उद्यापासून मी कामावर. मॅडमना म्हटलं, बरा आहे आता. काय सांगणार ते नंतर लिहितो. तू फक्त धीर धर. रोज सकाळी शिट्टी वाजवून बघत राहा.

भुंगा


१४ मार्च

दादा,

झालं काम!

असं सांगितलं, "मंडळी, इतकी वर्षं गल्लीत उलटी गोष्ट चाललीये. दोन भाऊ होते. सगळे म्हणतात थोरला आत गेला. थोरला कसला जातोय, तो सरळ माणूस. आत गेला तो धाकटा. वात्रट कार्टं. थोरल्याची त्यानं काहीतरी खोडी काढली होती, थोरल्यानं कानाखाली दिली, तर हा म्हणाला, बघच आता, आत जाऊन लपतो, शोधत बसशील. गेला आणि परत आला नाही. थोरला त्या धक्क्यानं घर सोडून गेला. लांब आहे कुठंतरी. येईल एक दिवस."

काय सांगू तुला! आधीच्या गोष्टीत सगळं संपायचं, इथं एक जण जिवंत आहे, परत यायचाय. लोकांचे चेहरे उजळले. एक म्हातारे गृहस्थ म्हणाले, "येऊ दे बिचारा."

सलूनपाशी आलो. मी विचारलं, "काका, शेवटची दाढी कुणी केली तुमच्याकडे?" काकांनी वस्तरा हवेत धरला. बराच वेळ धरला. मग म्हणाले, "त्याला कुठं होती दाढी? लव होती नुसती. खुर्चीत बसून गोल गोल फिरत होता, मीच ओरडलो त्याला." मावशी म्हणाल्या, "बटण नाही रे नेलं त्यानं. मूठभर पळवली होती, मेल्यानं."

ती खरंच पळवली होती मी. नऊ वर्षांचा असताना.

मी घरी गेलो तेव्हा आई बटणवाल्या मावशींकडून कॉट परत आणत होती, एकटीच, जिन्यावरून ओढत. मी दुसऱ्या बाजूनं उचलली. "हलकी झाली अचानक," ती म्हणाली, कुणाला तरी.


२३ मार्च

दादा,

तुझं पत्र आलं, शाईचं, चांगलं काळंकुट्ट. मुकादमानं पहिली हाक तुलाच मारली. सोबत्यानं कॉटवरून उठून माफी मागितली. शिट्टी इतकी जोरात वाजली की शेजारच्या खोलीतून बोंब आली. आणि तीस तारखेला तू घरी येतोयस. मी वाचून जिन्यावरून दोन-दोन पायऱ्या उड्या मारत खाली गेलो. कुणी ओरडलं नाही.

आता इकडचं सांगतो. घाबरू नकोस.

सलूनवाल्या काकांनी काल खुर्ची झटकली आणि गिऱ्हाइकाला म्हणाले, या बसा. खुर्चीत मी होतो. उठलो पटकन. छत्रीवाल्या मॅडमनी नवीन मुलगी ठेवली आहे, हुशार आहे, तिला सगळे अकरा थांबे येतात. सातव्याला ती हळू बोलते, मला नसतं जमलं तसं. म्हणते, भिंतीला कान लावा, भुणभुण ऐकू येते. लोक लावतात आणि मागे सरकतात. मी काल त्यांच्यात उभा राहून ऐकलं सगळं. छान सांगते. फक्त मी पळवलेली बटणं ती लाल सांगते, हिरवी होती.

आई तुझ्या चादरी धुतेय. दिवसभर काहीतरी पुटपुटत असते आणि मधूनच हसते. मी स्वयंपाकघरात ओट्याला टेकून बसतो, ती माझ्या पलीकडचा डबा काढते. गार लागतं तिला, खिडकी लावून घेते. पत्रं मात्र जातात. पेटीत पडलेलं पत्र पोस्टमन उचलतो, तो पत्ता बघतो, माणूस बघत नाही.

मी अजून आत गेलेलो नाही. पण काल सगळे निघून गेल्यावर दारावर हात ठेवला, तर विटा गरम होत्या. बाहेर सगळीकडे मला गार लागतं, तिथं नाही. म्हणजे फार वाईट जागा नसावी.

आता मुख्य सांगतो. मला तू माहीत आहेस. तू आलास की आई गळ्यात पडून रडेल, म्हणेल, धाकट्याला मी सांभाळू शकले नाही रे. तेव्हा तुझ्यानं राहवणार नाही. तू म्हणशील, आई, तो आहे, मला पत्रं लिहितो. म्हणू नकोस. ती आधी तुझ्या कपाळाला हात लावेल, ताप बघायला. मग काका हळहळतील, मावशी पाणी देतील, ती नवीन मुलगी टूर थांबवून तुझ्याकडे बघेल. आणि एकदा का ते तुझ्याकडे तसं बघायला लागले की पुढचं तुला माहीत आहे, कँटीन, कॉट, सगळं. मी आहे म्हणालास की आत कुणीतरी हवंच ना त्यांना. तुलाच परत घालतील. दोघं बाहेर राहिलेले त्यांना चालत नाहीत, मी सांगून बघितलं.

म्हणून टूरबरोबर एकदा चाल, लोकांसारखा. सातव्या थांब्यावर ती सांगेल ते खिशात हात घालून ऐक. वाटलं तर भिंतीला कान लाव, मी असलो तर काहीतरी करीन. पण तोंड उघडू नकोस. ही पत्रं जाळ. खोलीतल्या सोबत्याला नको सांगू, पुढे बायको आली तर तिला नको, म्हातारा झालास आणि नातवंडं गोष्ट मागायला लागली तरी नको. आईला तर अजिबात नको, ती कितीही रडली तरी. मी आहे हे कुणालाही सांगू नकोस दादा. तुझ्या पाया पडतो, कुणालाही सांगू नकोस.